कोटिंगचे जास्तीचे पैसे कोणत्या आठवड्यासाठी मोजताय?

प्रश्न : नमस्कार. माझे मिस्टर ६१ वर्षांचे आहेत. खालची डावी आणि वरची उजवी अशा दोन मोठ्या दाढा आठ महिन्यांपूर्वी काढल्या, आता इम्प्लांट बसवायचे आहेत. नागपुरात तीन ठिकाणी विचारून आलो. पहिल्यांनी एका दाताचे २२ हजार सांगितले, सरफेस 'आरबीएम' आहे म्हणाले. दुसऱ्यांनी ३५ हजारांचा 'एसएलए' सांगितला आणि तीन महिने थांबावं लागेल म्हणाले. तिसरे ५८ हजारांचा 'हायड्रोफिलिक कोटिंग'वाला घ्या म्हणून राहिले. त्यात हाड लवकर धरतं आणि जमलं तर त्याच दिवशी दात लावून देतो म्हणतात. शेजारचे काका सांगतात की कोटिंग चार-पाच वर्षांनी निघून येतं आणि इम्प्लांट हलतो. मिस्टरांना शुगर आहे, मागचा एचबीएवनसी ८.१ आला. पंचवीस वर्षं खर्रा खाल्ला, दोन महिन्यांपासून बंद आहे. मुलीचं लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे, तोपर्यंत दात व्हावे असं त्यांना वाटते. आणखी एक : सासूबाई ७८ च्या आहेत, त्यांचा खुब्याचा सांधा दिवाळीनंतर बदलायचा आहे. तिथेही डॉक्टर 'एचए कोटेड' म्हणाले. तो थर निघाला तर? पोळा झाला की दातांचं काम सुरू करायचं म्हणतो, म्हणून लवकर कळवा.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर :

ताई, आधी थोडक्यात. दोन्ही दाढांना ३५ हजारांचा पुरेसा आहे. ५८ हजारांच्या इम्प्लांटमध्ये जे जास्त मिळतं ते खरं आहे, पण ते मोजक्या काही आठवड्यांपुरतं असतं. आणि पोळ्यानंतर लगेच सुरुवात करू नका. ८.१ च्या शुगरवर कोणताही सरफेस घेतला तरी तो तोट्याचा सौदा आहे.

आता 'कोटिंग' या शब्दाचं बघू, कारण काकांची भीती तिथूनच आली आहे. दवाखान्यात सरसकट सगळ्याला कोटिंग म्हणतात, पण आज मिळणाऱ्या बहुतेक दाताच्या इम्प्लांटांवर वरून काही लावलेलंच नसतं. एसएलए म्हणजे टायटॅनियमच्या स्क्रूवर कोरंडमचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) पाव ते अर्ध्या मिलिमीटरचे कण जोराने मारतात, त्याने खड्डे पडतात. मग तो स्क्रू गरम हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवतात, त्याने त्या खड्ड्यांच्या पोटात २ ते ४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणखी बारीक खड्डे पडतात. गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर चढवण्याआधी छिन्नीने टाचे मारतो, तसाच हा प्रकार. निघून यायला तिथे थरच नाही. आरबीएममध्ये कोरंडमऐवजी कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे मारतात. त्यातले जे धातूत रुतून बसतात ते सौम्य ॲसिडने विरघळवून काढतात. म्हणजे तिथेही थर नाही, फक्त खडबडीतपणा थोडा वेगळ्या जातीचा.

हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी ओढून घेणारा, तो तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांचा. तो बहुतेक वेळा एसएलएच असतो. फरक शेवटच्या टप्प्यात आहे. ॲसिडमधून काढल्यावर त्याला हवा लागू देत नाहीत, नायट्रोजनखाली धुतात आणि मिठाच्या पाण्याच्या नळीत बंद करतात. कारण टायटॅनियम उघड्यावर राहिलं की हवेतली कार्बनची संयुगं त्यावर हळूहळू बसतात. ताज्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब कोऱ्या मडक्यासारखा पसरून आत शिरतो. काही आठवडे हवेत राहिलेल्यावर तोच थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा गोळा होऊन राहतो. हायड्रोफिलिक इम्प्लांट तोंडात ठेवला की रक्त स्वतःहून चुड्यांवर (स्क्रूच्या आट्यांवर) चढताना डोळ्यांना दिसतं. साध्या एसएलएवर ते जरा उशिरा पसरतं, एवढंच.

खराखुरा थर असतो तो एचएचा, म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइटचा. हाडातलं खनिज ज्या जातीचं, त्याच जातीचं हे. हजारो अंशांच्या प्लाझ्मा झोतात त्याची भुकटी टाकतात, ती अर्धवट वितळून धातूवर आदळते आणि दाताच्या इम्प्लांटवर साधारण ५० मायक्रॉनचा थर बसतो. हाड या थराला फार पटकन आणि घट्ट चिकटतं. अडचण दुसऱ्या बाजूला आहे : थर आणि धातू यांच्यातली पकड थर आणि हाड यांच्यातल्या पकडीपेक्षा कमकुवत पडते. शिवाय झोतात भाजताना त्यातला काही भाग काचेसारखा, स्फटिक नसलेला होतो आणि तो शरीरात लवकर विरघळतो. हिरडीत इन्फेक्शन झालं की तिथला आंबटपणा वाढतो, त्यात हा थर आणखी भराभर जातो. १९८० आणि ९० च्या दशकांत असे इम्प्लांट बरेच बसले, पहिली काही वर्षं उत्तम चालले आणि पुढे त्यातल्या काहींनी त्रास दिला. काकांनी ऐकलेलं बहुधा हेच असावं. ते खोटं नाही, पण तुम्हाला सांगितलेल्या तिन्ही इम्प्लांटांना लागू नाही. तरीही खात्री करून घ्या. पाकिटावरच्या स्टिकरवर 'एचए' किंवा 'प्लाझ्मा स्प्रे' असं काही असेल तर त्या दाढेसाठी तो घेऊ नका.

खडबडीतपणा किती, हेही विचारता येतं. पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी १ ते २ मायक्रॉन असली की हाड सर्वांत चांगलं धरतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी म्हणजे गुळगुळीत, २ च्या वर म्हणजे फार खरखरीत. जास्त खरखरीत म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नाही. त्याचा हिशोब पुढे येईल.

आता हाड धरतं म्हणजे काय, ते आठवड्यांच्या हिशोबाने.

पहिल्या दिवशी इम्प्लांट जो घट्ट बसतो, ती निव्वळ स्क्रूची पकड. लाकडात स्क्रू पिळावा तशी. ड्रिलने केलेलं छिद्र स्क्रूपेक्षा किंचित अरुंद असतं, म्हणून चुड्या हाडात रुततात. पहिल्या काही तासांत रक्त गोठतं आणि फायब्रिनच्या तंतूंचं जाळं चुड्यांमध्ये तयार होतं. गोठलेलं रक्त पुढे आकसतं. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर जाळं धातूवरून सुटून येतं आणि हाडाच्या पेशींना इम्प्लांटपर्यंत यायला पूल उरत नाही. मग हाड छिद्राच्या भिंतीकडून हळूहळू सरकत येतं. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तंतू खड्ड्यांत अडकून राहतात, पेशी त्यांवरून चालत थेट धातूपर्यंत येतात आणि हाड दोन्ही बाजूंनी भरायला लागतं. खडबडीत सरफेसचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे.

त्याच वेळी दुसरं काम चालू असतं. चुड्यांखाली दाबलं गेलेलं हाड शरीर खाऊन टाकतं, म्हणजे पहिल्या दिवशीची पकड ढिली होत जाते. नवं, कच्चं हाड साधारण दुसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतं. जुनी पकड उतरते आहे आणि नवी अजून चढली नाही, असा जो खड्डा येतो तो दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. सगळ्यात धोक्याचा काळ हाच, आणि नेमका याच वेळी रुग्णाला वाटतं की आता दुखत नाही, टाके निघाले, सगळं झालं. या काळात इम्प्लांट हाडात १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीइतका जरी दर घासाला हलला, तरी हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होतं. ते एकदा झालं की त्याचं हाड होत नाही. सहा ते आठ आठवड्यांत पकड पुन्हा पहिल्या दिवसाच्या बरोबरीला येते. कच्च्या हाडाचं पक्कं हाड होणं पुढे वर्षभर चालतं.

हायड्रोफिलिक सरफेस हा खड्डा अलीकडे आणतो आणि उथळ करतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या अक्कलदाढेमागच्या हाडात दोन्ही प्रकारचे छोटे इम्प्लांट ठेवून, ठरावीक दिवसांनी आजूबाजूच्या हाडासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चौथ्या आठवड्यात साध्या एसएलएच्या सुमारे ३२ टक्के पृष्ठभागाला हाड चिकटलेलं होतं, हायड्रोफिलिकच्या सुमारे ४८ टक्के. सहाव्या आठवड्यात दोन्ही ६२ टक्क्यांच्या आसपास. ताई, एका दाढेमागे २३ हजार जास्त जातात ते या चौथ्या आठवड्याच्या फरकासाठी. सहाव्या आठवड्यात त्याचा हिशोब संपतो.

आणि दहा वर्षांनी? बर्न विद्यापीठात ३०३ रुग्णांच्या ५११ साध्या एसएलए इम्प्लांटांची दहा वर्षांनी तपासणी झाली, त्यातले ९८.८ टक्के तोंडात होते. नीट निवडलेल्या रुग्णांवर कसलेल्या हातांनी केलेलं काम आहे ते, पंचवीस वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाने तोच आकडा आपला धरू नये. पण साधा एसएलए सरफेस आयुष्य कमी करत नाही, हे त्यातून कळतं. गुळगुळीत सरफेसही टिकतो. स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट साधे, लेथवर कातलेले होते. २००६ मध्ये त्या माणसाचा मृत्यू होईपर्यंत ते कामात होते. गुळगुळीत इम्प्लांट हरला तो मऊ हाडात. १९९१ मध्ये जॅफिन आणि बर्मन यांनी दाखवलं की सर्वांत मऊ, चौथ्या प्रतीच्या हाडात त्या काळचे ३५ टक्के इम्प्लांट गेले, आणि इतर हाडांत जेमतेम ३ टक्के. खडबडीत सरफेसने खरी कमाई केली ती तिथे.

म्हणून तुमच्या दोन दाढांचा हिशोब वेगळा.

खालची डावी : खालच्या जबड्याचं हाड सहसा दाट असतं. तिथे तिन्हींपैकी काहीही चालेल. जपायचं ते वेगळ्याच गोष्टींना. दाट हाड ड्रिलने तापतं, आणि हाडाचं तापमान एक मिनिटभर ४७ अंशांवर गेलं की त्या भिंतीतलं हाड मरतं. मेलेल्या हाडाला कोणताही सरफेस धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी धारदार ड्रिल, बेताचा वेग, थांबत थांबत वर-खाली काढत कापणं आणि गार सलाइनची धार, एवढंच लागतं. दुसरं, दाट हाडात इम्प्लांट फार जोराने पिळला तर चुड्यांखालचं हाड चिरडतं आणि वर सांगितलेला पकडीचा खड्डा आणखी खोल होतो. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरे. ५० च्या वर जायला लागला तर इम्प्लांट उलटा फिरवून काढायचा, चुड्यांसाठी टॅप मारायचा (हाडात आधी आटे कापायचे) आणि परत बसवायचा. खालच्या नसेपासून २ मिलिमीटर अंतर सोडलंय की नाही, ते सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) दाखवायला सांगा.

वरची उजवी : हे हाड बहुतेकदा मऊ असतं आणि वर सायनस, म्हणजे गालामागची हवेची पोकळी, असतो. दाढ काढून आठ महिने झाले आहेत, तेवढ्यात उंची कमी झालेली असू शकते. सीबीसीटीत सायनसच्या तळापर्यंत किती मिलिमीटर उरलंय ते आधी मोजा. ८ किंवा त्याहून जास्त असेल तर सोपं काम. पाच-सहा असेल तर सायनस उचलण्याचा विषय निघेल, मग वेळ आणि खर्च दोन्ही बदलतील आणि सरफेसची चर्चाच मागे पडेल. इथे आरबीएमपेक्षा एसएलए घ्या असं आम्ही सांगू, पण त्याचं कारण सरफेस कमी आणि त्यामागची नोंद जास्त. दहा-दहा वर्षांचे अभ्यास ज्याच्यावर झाले आहेत असा इम्प्लांट घ्यावा. २२ हजारांच्या इम्प्लांटचा आणखी एक प्रश्न आहे : दहा वर्षांनी आतला बारीक स्क्रू तुटला तर त्याच मापाचा स्क्रू आणि त्याला बसणारा पेचकस कुठे मिळेल? तो मिळेल अशी खात्री डॉक्टरांनी दिली तर २२ हजारांचाही वाईट म्हणता येणार नाही.

एका तोंडात दोन कंपन्या मात्र टाळा. वर महागडा आणि खाली स्वस्त असा मेळ घालायचाच असेल तर एकाच कंपनीचे दोन सरफेस घ्या. नाही तर पेचकस वेगळे, भाग वेगळे, आणि पुढच्या डॉक्टरला अंदाजाने काम करावं लागतं. दोन्ही पाकिटांवरचे स्टिकर, त्यावर लॉट नंबर, व्यास आणि लांबी असते, ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये आहेत यावर भिस्त ठेवू नका.

त्याच दिवशी दात : नको. यासाठी किमान ३५ चा टॉर्क आणि आयएसक्यू मशीनवर (इम्प्लांट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या) ७० च्या आसपास आकडा लागतो. तो मिळाला तरी दाढ ही चावायची जागा आहे, आणि पंचवीस वर्षं खर्रा चघळलेल्या जबड्याची चावण्याची सवय दांडगी असते. पुढच्या दातांत दिसण्यासाठी ही जोखीम एक वेळ समजू शकते. मागच्या दाढेत ती कशासाठी घ्यायची, ते आम्हाला सांगता येत नाही.

आता लग्नाचं. एचबीएवनसी मागच्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे आज औषध बदललं तरी खरा फरक नोव्हेंबरच्या शेवटी कागदावर दिसेल. ७ च्या जवळ आला की काम सुरू करा, ७.५ पर्यंत चालवून घेता येईल. ८ च्या वर असेल तर पुढे ढकला. साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी दोन्ही मंदावतात, म्हणजे तो पकडीचा खड्डा लांबतो. समजा नोव्हेंबरअखेर दोन्ही इम्प्लांट बसले. खालच्याला आठ आठवडे म्हणजे जानेवारीचा शेवट, पुढे माप आणि कॅप यांना आठ-दहा दिवस. लग्नाला अगदी काठावर जमेल. वरच्याला साध्या एसएलएवर बारा आठवडे धरा, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट, लग्न होऊन गेलेलं. हायड्रोफिलिक घेतला, टॉर्क चांगला मिळाला आणि शुगर खरोखर उतरली, तर तोच वरचा आठ आठवड्यांत भार घेऊ शकेल. ५८ हजारांचा अर्थ लागतो तो फक्त इथे. पण वरची पहिली दाढ फोटोत दिसत नाही. त्या दिवशी जागा रिकामी वाटत असेल तर काढता-घालता येणारा एक साधा तात्पुरता दात काही हजारांत होतो. तो इम्प्लांटवर टेकणार नाही असा करून घ्या आणि जेवताना काढून ठेवायला सांगा. आमच्या मते हाच मार्ग.

खर्ऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण हा खर्च कोणत्याही कोटिंगपेक्षा मोठा आहे. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे ज्या रक्ताच्या गाठीवर सगळं अवलंबून आहे ती गाठच उपाशी राहते. चुना हिरडी भाजतो. सुपारीने गालाची आतली त्वचा घट्ट होत जाते. मिस्टरांना आरशासमोर उभं करा आणि मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर इम्प्लांटच्या आधी तो प्रश्न आहे, कारण मागच्या दाढेत ड्रिल सरळ उभा धरायला साधारण तेवढीच जागा लागते. जागा कमी असली की ड्रिल तिरका जातो. गालात पांढरे पट्टे किंवा दोरीसारखे ताठ तंतू लागत असतील तर शासकीय दंत महाविद्यालयात आधी दाखवून घ्या, त्यात उशीर नको. दोन महिने सोडला ही मोठी गोष्ट आहे. परत सुरू होण्याची वेळ कोणती, तीही सांगून ठेवतो : टाके निघाल्यावर, दुखणं थांबल्यावर, संध्याकाळी पानठेल्यावर मित्रांत उभं राहिल्यावर. म्हणजे नेमका तिसरा-चौथा आठवडा. त्या आठवड्यात खर्ऱ्याची एक पुडी सगळ्या सरफेसचं काम पुसून टाकायला पुरेशी असते, रसायनाने नाही तर सुपारी फोडण्याच्या नुसत्या दाबानेही.

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही खोलीत नसाल, पण आधी दोन गोष्टी बोलून ठेवता येतात. इम्प्लांटचं निर्जंतुक पाकीट छिद्र तयार झाल्यावरच उघडायचं. हायड्रोफिलिक असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण नळीतून काढल्यावर त्याच्या सूचनापत्रात साधारण १५ मिनिटांची मुदत दिलेली असते, त्यानंतर तुम्ही ५८ हजारांत साधाच एसएलए बसवताय. दुसरं, इम्प्लांटला हातमोजा, थुंकी किंवा ओठ लागू द्यायचा नाही. पाकिटातल्या धारकावरून तो थेट छिद्रात जायला हवा. ॲसिडने केलेले ते २ मायक्रॉनचे खड्डे लाळेने भरले की परत धुऊन येत नाहीत.

पहिले सहा-आठ आठवडे त्या दोन्ही बाजूंनी फुटाणे, सुपारी, मटणाचं हाड नाही. सावजी मटणाची तर्री टाके असेपर्यंत बाजूला ठेवा. मऊ खिचडी, दूध-पोळी, वरण-भात यावर एक आठवडा निघतो.

भार देण्याआधी आयएसक्यू मोजायला सांगा, आणि बसवल्याच्या दिवशीचाही आकडा लिहून घ्या. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, तुलनेला असतो. बसवताना ७२, चौथ्या आठवड्यात ६६, आठव्यात ७४ असा प्रवास दिसला तर सगळं ठीक. चौथ्या आठवड्यात दहापेक्षा जास्त घसरला तर घाबरू नका, फक्त कॅपची तारीख पुढे ढकला. कधी कधी अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) पिळताना इम्प्लांट किंचित फिरतो आणि कळ येते. तेव्हा जोर लावून पुढे पिळू द्यायचं नाही. वरचं झाकण परत लावायचं, भार काढायचा आणि चार ते सहा आठवडे थांबायचं. बरेचसे असे इम्प्लांट नंतर घट्ट होतात. हलायलाच लागला, म्हणजे बोटाने डुलतो, तर तो गेला. काढा, दोन-तीन महिने हाड भरू द्या आणि नवा बसवा. काढलेला धुऊन, निर्जंतुक करून परत बसवू म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

खडबडीतपणाची दुसरी बाजू इथून पुढे सुरू होते. जो सरफेस हाडाला धरायला उत्तम, तोच हाड खाली सरकून उघडा पडला की जंतूंना धरायलाही उत्तम. फार खरखरीत सरफेस याचमुळे मागे पडले. कॅप बसल्याच्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवा आणि त्यावर हाड कितव्या चुडीपर्यंत आहे ते मोजून लिहा. दरवर्षीच्या एक्स-रेत चुड्याच मोजायच्या, दुसरं काही कळलं नाही तरी चालेल. पहिल्या वर्षी एक ते दीड मिलिमीटर हाड उतरणं सर्वसाधारण धरतात, त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत राहायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणखी एक चुडी उघडी दिसली आणि हिरडीतून दाबल्यावर रक्त किंवा पू आला, तर त्याच आठवड्यात दाखवा. कॅप शक्यतो स्क्रूने बसणारी घ्या. सिमेंटची कॅप बसवताना उरलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तेच पुढे सुजेचं कारण होतं, आणि सहा महिने कुणाला कळत नाही. घरी दोन दातांमधला छोटा ब्रश रोज रात्री. सफाईला गेलात की इम्प्लांटवर स्टीलचा स्केलर नको म्हणून सांगा. प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा असतो.

सासूबाईंचं. खुब्याच्या सांध्यात एचएचा थर वाईट नाही. मांडीच्या हाडात जाणारा दांडा पूर्ण हाडाच्या आत असतो. दातासारखा तो हिरडीतून बाहेर तोंडातल्या जंतूंत डोकावत नाही, त्यामुळे थराला सतत आंबट सूज सोसावी लागत नाही. तिथला थर जाडही असतो. १९८६ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध दांड्यावर तो १५५ मायक्रॉन आहे. वर्षानुवर्षं शरीर तो थोडा थोडा खातं, पण तोपर्यंत हाड खालच्या खडबडीत धातूला भिडलेलं असतं. थर जाणं हे तिथे ठरलेल्या कामाचाच भाग आहे.

विचारायचं ते वेगळं. ७८ वर्षांच्या बाईच्या मांडीचं हाड बऱ्याचदा पातळ आणि आतून रुंद झालेलं असतं. सिमेंटशिवायचा दांडा त्यात ठोकून घट्ट बसवावा लागतो, आणि अशा हाडाला तेव्हाच किंवा नंतरच्या काही आठवड्यांत तडा जाण्याचा धोका असतो. पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत, विशेषतः बायकांत, सिमेंटने बसवलेल्या दांड्यांना सुरुवातीच्या काळात परत उघडावं लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. त्यामुळे डॉक्टरांना एवढंच विचारा : यांच्या एक्स-रेवर हाडाची भिंत किती जाड आहे, आणि दांडा सिमेंटने का नको? त्यांच्याकडे कारण असेल आणि ते एक्स-रेवर बोट ठेवून दाखवतील.

आणि सासूबाईंचे हलणारे, किडलेले दात असतील तर ते खुब्याच्या ऑपरेशनच्या आधी दाखवून मोकळे व्हा. तोंडातलं इन्फेक्शन रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतं. दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला एक गोष्ट न विसरता सांगा : सासूबाई हाडांसाठी आठवड्याला एक घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी घेतात का, आणि किती वर्षांपासून. ती गोळी घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर कधी कधी भरून येत नाही. पाकीट सोबतच घेऊन जा.